लहान देशाची तुकडी

बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला नवनगरच्या आमच्या घराची पायरी आठवते. सुट्टीवर आमच्याकडं आलेली माझी भाची सकाळच्या कोवळ्या उन्हात तिथं बसून बूट घासत होती. बहीण नर्स म्हणून आयर्लंडला गेली आणि तिथलीच झाली. तिची ही लेक त्या चिमुकल्या देशाच्या सैन्यात होती. युरोपातल्या अनेक देशांनी मिळून, कुठं संकट आलं तर लगेच धावून जाणारी एक फौज उभी केली होती. त्यात आयर्लंडचीही लहानशी तुकडी होती आणि भाचीचं नाव तिच्यात लागलं होतं. "अण्णा, तिला नको म्हणून सांगा. तुमचं ऐकेल ती," बहीण फोनवर रडत म्हणाली होती. म्हणून मी भाचीशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "एवढे मोठे देश असताना तुमच्या मूठभर माणसांवाचून काय अडतंय?" तिनं ब्रश थांबवला. "मामा, जखमींना उचलून आणायचं काम आमच्याकडं आहे. आम्ही नाही गेलो तर कोण आणणार?" मी पॉलिशची डबी तिच्यापुढं सरकवली. संध्याकाळी बहिणीनं फोनवर विचारलं, "सांगितलंत?" "जपून राहा म्हणून सांगितलं," मी म्हणालो. त्या खेपेला फौजेला कुठंच जावं लागलं नाही. सज्ज राहायची मुदत संपल्यावर भाचीचा फोन आला, "सगळी तयारी वाया गेली, मामा." तिच्या आवाजात हसू होतं. ती अजून सैन्यातच आहे, आणि बातम्यांत कुठं युद्ध पेटलं की मी देवापाशी एवढंच मागतो, की याही वेळी तिची तयारी वाया जाऊ दे.