वाफ बघायला महाबळेश्वर

आमच्या विक्रोळीच्या चाळीत थंडी आली हे बायकांच्या बोलण्यावरून कळतं. डोक्यावर पंखा फिरत असतो आणि खाली एक दुसरीला म्हणते, "काय गारठा पडलाय गं!" दोन-चार दिवस स्वेटर घालून गॅलरीत मिरवायचं, मग ते स्वेटर परत डांबराच्या गोळ्यांत. माझं माहेरही समुद्राकाठचं, तिथे तर स्वेटर कुणाकडे नव्हताच.

मला एक इच्छा होती, पण ती इतकी बावळट होती की कुणाला सांगायची लाज वाटायची. टीव्हीवर डोंगरातली माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफ निघते. तशी माझ्या तोंडातून निघालेली मला एकदा बघायची होती.

शेवटी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यात काय, फ्रिज उघडून उभी राहा."

दुपारी घरात कुणी नसताना मी खरंच उभी राहिले. वाफ आली, पण ती फ्रिजची. मी बराच वेळ तोंड उघडून वाट बघितली आणि संध्याकाळी दूध नासलं.

ह्यांना बोलायची सवय थट्टेची, पण गोष्ट लक्षात राहते. मार्गशीर्षात कंपनीतल्या रजा उरल्या होत्या तेव्हा हेच म्हणाले, "चल, महाबळेश्वरला जाऊ. आठवड्याच्या मधल्या वारी खोली स्वस्त मिळते आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे."

मला आनंद झाला, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. संध्याकाळी ह्यांच्या मोठ्या बहिणीचा दहिसरहून फोन आला. त्यांच्या यजमानांना गुडघ्यांमुळे घाट झेपत नाही, पण त्यांना स्वतःला झेपतो. "मी येतंय. एका खोलीत तिघां राहू, भाडा वाटून जाईल," त्यांनी ठरवूनच सांगितलं. मी फक्त "हो वन्सं" म्हटलं. मी शाळेत चौथीपर्यंत होते, तिथेही उत्तर येत असलं तरी तोंड उघडत नव्हतं. नणंदेपुढे काय उघडणार?

वन्संनी सामान आणलं ते बघून कंडक्टरने आधी पिशव्यांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. त्यात तांब्याचा कलश होता, नारळ, तांदूळ, लक्ष्मीचा फोटो आणि कथेचं पुस्तक. परतायच्या दिवशी गुरुवार येत होता आणि मार्गशीर्षातला गुरुवार वन्संनी लग्नापासून चुकवलेला नाही. पूजा खोलीतच मांडायची असं ठरलं होतं.

"अर्धं तिकीट तुमचं आणि पिशव्या पूर्ण माझ्या," हे म्हणाले.

"मगे लुगडा नेसून ये, तुकाय अर्धा मिळात," वन्सं म्हणाल्या. मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. मी खिडकीकडे तोंड करून हसले.

वरती थंडी होती. खरी होती. उतरल्याबरोबर अंगावर काटा आला आणि मी तोंड उघडणार इतक्यात वन्संनी माझ्या तोंडावरून मफलर गुंडाळला. त्यांचं म्हणणं, थंडी कानातून शिरते, पण बसते छातीत, आणि जाते ती तोंडातून आत. कानटोपी, वर मफलर, वर शाल. आरशात बघितलं तर नुसते डोळे. वाफ निघत असेलही, पण ती मफलरच पीत होता. लोकर ओली लागायची एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं मी मनात ठरवलं होतं. पण हॉटेलवाल्याने रजया इतक्या जाड दिल्या होत्या की जाग आली तेव्हा खिडकीत ऊन. मग जीपमधून सगळे पॉइंट बघितले. काचा बंद. प्रत्येक पॉइंटवर वन्सं खाली उतरून दरीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्याच्यापेक्षा आमच्या गावचो घाट बरो." आम्ही स्ट्रॉबेरी खाल्ली, मक्याचं कणीस खाल्लं. मला सगळं आवडलं, पण उन्हातलं होतं. आता एकच सकाळ हातात होती, गुरुवारची.

संध्याकाळी बाजारात फिरताना वन्सं मधेच थांबल्या. "गो बाय, पानां?"

पूजेची पानं घ्यायची राहिली होती. कलशावर नारळाभोवती पाच झाडांची पानं लावतात. आमच्याकडे स्टेशनबाहेर बुधवारी संध्याकाळी त्यांची जुडी तयार बांधून मिळते, फळांबरोबर पिशवीत टाकायची की झालं. वन्संनी नारळ दहिसरहून आणला होता, पण पानं काय, बुधवारी बाजारात घेऊ, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

आम्ही दुकानं पालथी घातली. जेली होती, चपला होत्या, चणे होते. एका फळवाल्याला ह्यांनी विचारलं, "गुरुवारच्या पाच पानांची जुडी कुठे मिळेल?"

त्याने आधी नीट ऐकलं. मग दुकानामागे हात केला. मागे सगळा डोंगर झाडांनी काळा झाला होता. "जंगल हाय की मामा. विकत कोन घेतंय?"

वन्संना ते पटलं नाही. "आणि कुठला पान कुठल्या झाडाचा, ता कोण सांगतला?" त्या खोलीवर येईपर्यंत पुटपुटत होत्या. झोपताना फर्मान निघालं, "वैनी, सकाळी तू खाली जा. बागेत झाडां आसत. माळ्याक विचारून काढ. पाच वेगवेगळी."

माळ्याला विचारायचं ह्या काळजीने मला धड झोप लागली नाही. म्हणून पहाटे जाग मात्र आपोआप आली. हे आणि वन्सं दोघंही रजईत घोरत होते. काळजीत वाफेचंही विसरून मी मफलर तोंडावर घेऊन खाली उतरले. मनात ठरवलं, माळी यायच्या आतच पाच डहाळ्या तोडायच्या आणि वर पळायचं. बागेत गवत पांढरं दिसत होतं. पहिलं झाड जांभळाचं, ते मला ओळखता आलं. हात लावला तोच कुंपणाकडून आवाज आला.

"कोन हाय तिकडं?"

माळी घोंगडी पांघरून उभा होता. मी मफलरातून काहीतरी बोलले.

"काय? ऐकू येत न्हाय."

पळून जावं असं वाटलं, पण हातात डहाळी होती, चोरीच दिसली असती. मी मफलर खाली ओढला आणि म्हटलं, "पानं हवी होती. पूजेला."

आणि शब्दांबरोबर ती बाहेर आली. पांढरी, चांगली दाट. माझ्या नाकासमोर जरा थांबली आणि गेली. मी बघतच राहिले.

"कसली पूजा?" माळ्याने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला प्रश्न आवडला. "गुरुवारची," मी म्हटलं. एक ढग गेला. "मार्गशीर्षातल्या." अजून एक. मग मी त्याला सांगायलाच लागले. कलश कसा मांडतात, पानं कशी लावतात, फळं कोणती, विक्रोळीला जुडी कशी मिळते, वन्सं दहिसरला राहतात, त्यांच्या यजमानांचे गुडघे. शब्द लांबवला की वाफ लांब जायची आणि 'ह' म्हटलं की गोल यायची, हेही कळलं. शेवटी बोलायचं संपलं तेव्हा लक्ष्मीची कथाच सांगायला घेतली. त्या भल्या माणसाने एकीकडे पानं तोडली. जांभूळ, पेरू, जास्वंद, आणखी दोन मला माहीत नसलेली. जुडी बांधून हातात दिली तरी मी कथेतल्या राणीच्या गर्वापर्यंतच आले होते.

इतक्यात हे रजई पांघरून जिना उतरले. "काय झालं? किती वेळ?"

"निघाली!" मी ओरडले. "वाफ निघाली, बघा, हाऽ!"

पण तोवर ऊन झाडांवरून खाली आलं होतं. मी पुन्हा हाऽ केलं, ह्यांनी केलं. काही नाही.

"कुठे आहे? स्वप्न बघितलंस."

"न्हाय साहेब," माळी म्हणाला, "म्या बघितली की. लई निघत हुती. वैनी बोलायचं थांबतच न्हवत्या."

हे माळ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. वाफ निघाली हे त्यांनी लगेच मान्य केलं. दुसरं काही केल्या पटेना. परतीच्या एसटीत घाट उतरेपर्यंत मधेमधे विचारत होते, "थांबतच नव्हतीस? तू?"