केराबाई कुणाला ‘बस’ म्हणायची

सांगोल्याकडची मेंढरं विकून केराबाई आणि तिचा नवरा ज्ञानबा लेकीजवळ राहायला आले. लेक सोनम सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होती. केराबाईच्या फेफऱ्याच्या झटक्यांना तोवर बरीच वर्षं झाली होती.

तिचा झटका जमिनीवर पाडणारा नव्हता. भाकरी थापता थापता हात थांबायचा, मान डावीकडं वळायची आणि रिकाम्या उंबऱ्याकडं बघून ती मायेनं म्हणायची, “आलीस व्हय? बस की.”

मग ओठ चाटत राहायची. भानावर आली की विचारायची, “भाकरी कशी काय करपली?” तिला काहीच आठवायचं नाही. भ्यायचे ते घरातले. देवऋषी झाला, अंगारे झाले. ज्ञानबा मात्र दर वेळी त्या न दिसणारीच्या वतीनं बारीक आवाजात उत्तर द्यायचा, “बसले गं.” तेवढ्यानं ती शांत झाल्यासारखी वाटायची.

गोळ्यांनी झटके थांबेनात, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं कवटीला भोकं पाडून मेंदूत बारीक तारा सोडल्या, खाटेसमोर कॅमेरा लावला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर तिचाच झटका दाखवला. केराबाईचा चेहरा उतरला.

“कुणाला म्हणतीया मी?”

“कुणालाच नाही. झटका उजव्या बाजूच्या या जागेतून उठतो. इथं विजेच्या फार वेगाच्या, अगदी बारीक लहरी आहेत. त्यांच्यावरूनच जागा सापडली. झटका नसतानाही त्या उठतात. तुम्ही जेवत असता तेव्हा, गाढ झोपेत असता तेव्हासुद्धा.”

केराबाई म्हणाली, “म्हंजे ती कदी जातच न्हाय की.”

त्या दिवसापासून भीती तिला लागली. डोळा लागेना. कानशिलावर हात धरून बसायची. ऑपरेशनचं तिनंच लावून धरलं, “काडून टाका तिला.”

ऑपरेशन झालं आणि झटके थांबले. टाके काढायला गेले, तेव्हा ज्ञानबा औषधं आणायला खाली उतरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कवटी बंद करण्याआधी उरलेल्या भागावर पुन्हा तारा ठेवून पाहिलं. जवळजवळ सगळं शांत होतं. मागं एका ठिपक्याएवढ्या जागी लहरी होत्या. ती काढली असती तर नजर अधू झाली असती, म्हणून सोडली. त्रास होईलच असं नाही, पण गोळ्या चुकवू नका. घरी सांगून ठेवा.”

“काय म्हणाल्या?” परतीच्या एसटीत ज्ञानबानं विचारलं.

“बरं हाय म्हणाल्या.”

त्यानंतर झटका आलेला नाही. केराबाई लग्नाकार्याला जाते, हसते, बोलते. ज्ञानबा गल्लीत सांगत फिरतो, आमची ही साफ बरी झाली. फक्त दुपारी घर रिकामं झालं की ती टीव्ही मोठ्यानं लावते आणि पडद्याकडं पाठ करून बसते.

एका सुट्टीला दुपारी बाहेरून आली तशी सोनम वैतागली. “आये, बघत तर न्हाईस. मग येवढा आवाज कशाला?”

“आसू दे,” केराबाई म्हणाली. “लई बारीक आसतंय ते. घर गप झालं की ऐकू यील.”