कार्पेटवर पीठ सांडेल म्हणून

मे महिन्याच्या सुट्टीत कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मी बावड्याला यायचे, तेव्हा माझी चुलत बहीण कुसुमअक्का सकाळी मला जात्यासमोर बसवायची. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. मला ओवी यायची नाही. मी शाळेतली प्रार्थना म्हणायचे आणि अक्का ती हसत हसत स्वतःच्या चालीत ओढून घ्यायची. यंदा पुण्यातल्या एका उन्हाळी बालकला महोत्सवात ओव्या म्हणायचं बोलावणं तिला आलं, तेव्हा हेच आठवलं. मी म्हटलं, "गाडी माझी, जातं तुझं."

बारामतीहून पहाटे निघाले, इंदापूरमार्गे बावडा गाठलं. जातं आणि दोन किलो गहू डिकीत, अक्का माझ्या शेजारी. परत इंदापूरला हायवेवर येऊन मिसळ खाल्ली. तुम्हीही खा, हडपसरची कोंडी रिकाम्या पोटी सोसत नाही.

"कानवेंटवाले, हळू! दगडाला टाकी लावणारा आता कुठं मिळत न्हाय," अक्का प्रत्येक गतिरोधकाला बजावत होती. छिन्नीने जात्याचे दात पुन्हा काढून देणारा शेवटचा माणूस तिच्याकडे येऊन गेला, त्याला वर्षं झाली.

महोत्सवाला प्रवेश फुकट, पार्किंगला शंभर रुपये, लिंबूसरबताला साठ. मातीकामाचा मंडप खरंच सुंदर आहे. नातवंडं नेणार असाल तर दहाच्या आत पोचा, नंतर रांग लागते. बाहुल्यांचा खेळही छान. इतकं सगळं कळणाऱ्या लोकांनी पुढचं केलं, म्हणून तर माझा संताप आवरत नाही.

अक्काने स्टेजवर जातं मांडलं, गव्हाची पिशवी सोडली. झब्बा घातलेला निवेदक धावतच आला.

"आजी, गहू नको! कार्पेट भाड्याचं आहे, पीठ सांडेल. नुसतं फिरवा आणि गाणं म्हणा."

"रिकामं जातं फिरवत न्हाय, लेकरा. दगडावर दगड घासतो. मग पिठात कच येती, दाताखाली लागती."

"इथलं पीठ कोण खाणार आहे?"

लोक हसले. आणि मी काय म्हणाले? "अक्का, पाच मिनिटांचं तर काम आहे, फिरव ना." यजमानांची गैरसोय करू नये, हे सिस्टरांनी शिकवलेलं इतक्या वर्षांनी नेमकं तिथे तोंडातून निघालं. निवेदकापेक्षा मला माझाच जास्त राग आहे.

"तू बी, शालू?" एवढंच बोलून तिने वरचा दगड उचलला. खालचा मी उचलला. मागे माइकवरून जाहीर झालं, "आजी दमल्यात, टाळ्या!" आणि रेकॉर्ड लावली.

दमलेली ही बाई पार्किंगजवळच्या कडुनिंबाखाली गोणपाट टाकून बसली आणि ओवी म्हणत तिने दोन किलो गहू दळले. पोरं भोवती जमली.

"आजी, याचं बटण कुठंय?" एका चिमुरडीने विचारलं.

"हे काय, तुझ्या दंडात! धर खुंटा."

त्या मुलीने खुंटा सोडला नाही. तिची आई दोनदा बोलावून गेली.

निघताना आयोजकांनी गाडीच्या खिडकीतून सन्मानचिन्ह आत दिलं. अक्काने ते हातात घेतलं नाही, माझ्या मांडीवर पडलं. बावड्याला उतरताना तिने अर्धं पीठ मला दिलं.

घरी येऊन तीन दिवस झाले, राग तसाच आहे. सुट्टीला आलेली माझी लेक उद्या पुण्याला परत जाते आहे, तिला लिहून दिलंय: सन्मानचिन्ह आयोजकांच्या कचेरीत द्यायचं. पिठाचा मोठा डबा तुझा. छोटा त्या निवेदकाच्या हातात द्यायचा, शिपायाकडे नाही. घरी चपात्या करून खा, आणि एकही कच लागली तर अक्काला फोन कर म्हणावं.