सुधार मंडळातले आतोबा

आमच्या ग्वाल्हेरात स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत राज्य बदललं, राजधानी बदलली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. पण आमच्या आतोबांचा अविश्वास होता तसाच राहिला. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आतेचे यजमान. दुधात पाणी आहे हे कोणीही ओळखील. आतोबांना पाण्यातही काहीतरी मिसळल्याचा संशय असे. शिंप्याकडे कापड टाकलं की ते त्याच्या दुकानात ठाण मांडून बसत आणि शिंपी जेवायला उठला तर कापड काखेत मारून त्याच्यामागे चालू लागत. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजींनी एक अध्याय गाळला अशी त्यांची खात्री पटली. "मागचं पुन्हा वाचा," असं म्हणून त्यांनी जमलेल्या पाहुण्यांना शिऱ्यासाठी दिवेलागणीपर्यंत ताटकळवलं. आते म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हा यांनी खालून वाकून पाहिलं. दाखवली तीच मुलगी उभी केलीय ना म्हणून!"

ही सवय त्यांना पागेत लागली. दरबारच्या पागेत ते घोड्यांची पारख करायला होते, आणि विकणारा सांगतो त्याच्या उलट खरं मानायचं, हा तिथला पहिला धडा. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, घोडे लिलावात गेले आणि आतोबा पेन्शनीत गेले. शिंदे की छावनीतल्या घराच्या ओट्यावर बसून पारखायला काही उरलं नाही. अशा रिकाम्या माणसाची सरकारला दया आली असावी. कारण त्याच सुमारास शहर सुधार मंडळ स्थापन झालं.

मंडळानं सुधारणेला स्वतःपासून सुरुवात केली, हे मान्य केलंच पाहिजे. आधी बाड्याजवळ, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळ, कचेरी घेतली, तिला वाळ्याचे पडदे लावले, अध्यक्षांसाठी गोल फिरणारी खुर्ची आणली. सरकार हिवाळ्यात आमच्याकडे असे आणि उन्हाळ्यात इंदूरला जाई; तेव्हा मार्गदर्शन घ्यायला मंडळही उन्हाळाभर इंदूरला जाऊ लागलं. ग्वाल्हेरच्या उन्हात मार्गदर्शन नीट मिळत नसे. उरलेल्या वेळात शहर सुधारलं. छावनीचा रस्ता रुंद केला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नाल्या बुजवल्या. पावसाळ्यात रस्त्यानं मोठ्या मनानं नाल्यांचंही काम सांभाळलं. बाड्यावर पानाच्या ठेल्यापाशी एकच विषय असे, "भैया, पैसा जा कहाँ रहा है?" आणि ज्याला-त्याला उत्तर ठाऊक असे, फक्त प्रत्येकाचं उत्तर वेगळं असे.

आतोबांना तर जणू दुसरी नोकरी लागली. सकाळी चहा झाला की डोक्यावर फेटा, हातात छत्री, आणि जिथे मंडळाचं काम चालू असेल तिथे स्वारी हजर. मंडळाचा ओव्हरसियर सक्सेना म्हणून होता, मान खाली घालून बोलणारा, हडकुळा माणूस. आतोबा त्याला गाठत. चिमटीत कालवलेला माल घेऊन नाकाजवळ नेत आणि विचारत, "सक्सेना, ये सीमेंट है या विभूति?"

"रावसाहब, जो ऊपर से आता है, वही लगाते हैं."

"ऊपर से तो बारिश भी आती है!"

मजूर हसत, रस्त्यातले लोक हसत. संध्याकाळी हेच आतोबा बाड्यावर रंगवून सांगत आणि शेवटी निकाल देत, "जो आदमी आँख नहीं मिलाता, समझ लो चोर है." पुढे सक्सेना आतोबांना लांबून पाहिलं की गल्ली बदलू लागला. तोही पुरावाच ठरला.

मंडळाचे अध्यक्ष मात्र हुशार होते. कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालायचं असतं हे त्यांना माहीत होतं. एके दिवशी ते स्वतः आतोबांच्या ओट्यावर आले, आतेच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाले, "रावसाहब, आप जैसे ईमानदार आदमी की मंडल को सख़्त ज़रूरत है." आतोबा सभासद झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो; मी पेढे मागितले. आते म्हणाली, "पेढे कसले? आजवर हे त्यांच्यावर नजर ठेवत होते. आता यांच्यावर कोण ठेवणार?"

"आत शिरल्याशिवाय आतलं कळत नाही," आतोबा म्हणाले.

आतेच्या प्रश्नाचं उत्तर आठवड्याच्या आत मिळालं. अख्खी छावनी त्यांच्यावर नजर ठेवून बसली! घराला दर दिवाळीला लागणारा चुना त्या वर्षीही लागत होता, तर पानवाला डोळा मिचकावून म्हणाला, "मंडल का चूना है, रावसाहब? बड़ा सफ़ेद है!" आतोबांनी उरलेली अर्धी भिंत तशीच ठेवायला लावली. छप्पर गळत होतं, ते दुरुस्त करायला मनाई झाली. पावसाळाभर आते भांडी मांडत फिरायची. "घर टपकून राहिलंय आणि हे इज्जत सुकवताहेत," ती म्हणायची. माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या वडिलांनी आतेला नवं लुगडं घेतलं होतं. आतोबा मांडवाच्या दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नमस्कार करून सांगू लागले, "या, या. हिच्या अंगावरचं लुगडं हिच्या भावानं घेतलंय बरं का!" व्याह्यांना हा कुठला रिवाज ते कळेना. आते पंक्तीला जुनं लुगडं नेसून आली.

एवढं करूनही कोणी विश्वास ठेवला नाही तो नाहीच. त्यात हौदाचं प्रकरण आलं. टांग्यांच्या अड्ड्यापाशी घोड्यांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद होता. मंडळानं तो पाडून तिथे कारंजं करायचा ठराव मांडला. आतोबा बैठकीत ओरडले, टेबलावर हात आपटले, एकट्यानं विरोधात मत दिलं. ठराव "उत्साहात" मंजूर झाला आणि हौद फुटला. तिथला छोटे खाँ टांगेवाला पूर्वी पागेत आतोबांच्या हाताखाली घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. तो आता घोड्याला बादलीनं लांबून पाणी आणून पाजत होता. आतोबांना पाहून तो इतकंच म्हणाला, "आप तो अंदर थे, रावसाहब. फिर भी?"

आतोबा त्या रात्री जेवले नाहीत.

उद्घाटनाला मंत्री आले. शामियाना, हार, भाषणं, सगळं यथासांग. मंत्र्यांनी कळ दाबली आणि पाणी उंच उडालं. न उडून सांगतं कोणाला? त्यासाठी पहाटेपासून सगळ्या छावनीचे नळ बंद ठेवले होते. टाळ्या वाजत असताना व्यासपीठावरचे आतोबा उठले आणि खाली उतरले. गर्दीच्या कडेला छोटे खाँचा टांगा उभा होता. आतोबांनी घोड्याचा लगाम धरला आणि टांग्यासकट त्याला गर्दीतून थेट कारंज्यापाशी आणलं. घोड्यानं एकदा फुरफुर केलं, मान खाली घातली आणि मंत्र्यांच्या देखत पोटभर पाणी प्यायला सुरुवात केली.

अध्यक्षांनी पोलिसाला बोलवायला हात वर केला. तेवढ्यात मंत्री उठून उभे राहिले. "वाह! जनता के साथ मूक पशुओं का भी ध्यान! ऐसा मंडल मैंने पूरे प्रांत में नहीं देखा!" अध्यक्षांचा वर गेलेला हात तिथल्या तिथे दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला आणि त्याचा नमस्कार झाला. "जी, यही तो योजना थी," ते म्हणाले. मंत्र्यांच्या गळ्यातला एक हार आतोबांच्या गळ्यात पडला. मग कोणाची हिंमत होती घोड्यांना हाकलायची? तेव्हापासून अड्ड्यावरचे सगळे घोडे कारंज्यावर पाणी प्यायला लागले.

आतोबांचा डोंगराएवढा विजय झाला होता आणि तो फक्त आतोबांनाच माहीत होता. बाड्यावर दुसऱ्याच दिवशी ठरलं, की सगळं आधीच जमवलेलं नाटक होतं. नाहीतर अध्यक्ष हसले कसे, आणि हार कसा पडला? स्वतः छोटे खाँनं त्यांना प्रेमानं बाजूला घेतलं. "जाने दीजिए रावसाहब, थोड़ा-बहुत सब खाते हैं. हमारे जानवर को तो पानी मिल गया." त्यानं क्षमाच करून टाकली. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा झाली की माणसाला बोलायला जागा राहत नाही. आतोबांचं बाड्यावर जाणं बंद झालं.

पुढे पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली आणि मंडळ बरखास्त झालं. वाळ्याचे पडदे कुठे गेले ते कोणाला कळलं नाही, खुर्ची मात्र अध्यक्षांच्या घरच्या बैठकीत फिरताना दिसली. एका संध्याकाळी आतोबा ओट्यावर माझ्याजवळ बसले होते. एकाएकी म्हणाले, "अरे, मला कोणी एकदा विचारलंसुद्धा नाही. ठरवूनच टाकलं." मग हळूच म्हणाले, "मी तरी कुठे कुणाला विचारलं होतं म्हणा."

दोन-चार दिवसांनी सक्सेनाची बदली भोपाळला झाल्याचं कळलं. आतोबांनी आतेकडून बेसनाचे लाडू करून घेतले आणि मला बरोबर घेऊन स्टेशनावर गेले. सक्सेना बायकामुलांना घेऊन सामानापाशी उभा होता. आतोबांना पाहून त्याचा चेहरा उतरला. तो घाईघाईनं वाकून ट्रंकेचं कुलूप काढू लागला. "देख लीजिए, रावसाहब. बस कपड़े-बर्तन हैं."

"अरे नहीं, नहीं!" आतोबांनी त्याचा हात धरला. "बच्चों के लिए लड्डू लाया हूँ. रास्ता लंबा है."

सक्सेनानं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "क्यों?" त्यानं विचारलं.

पागेपासून मंडळापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारत आलेल्या माझ्या आतोबांना आज कोणीतरी प्रश्न विचारला होता. ते नुसते डबा पुढे धरून उभे राहिले. शेवटी सक्सेनाच्या बायकोनं तो घेतला आणि न उघडताच बाकाखाली सरकवला. गाडी हलली. ती दिसेनाशी झाली तरी आतोबा फलाटावरून निघेनात.

परतताना मी विचारलं, "आतोबा, तो माणूस खरंच खात होता का हो?"

"कोण जाणे," ते म्हणाले. आणि घर येईपर्यंत मलाच पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "अरे, लाडू खातील ना रे ते? टाकून तर देणार नाहीत?"