एकाच टाकीतलं इंधन

गोटलंड बेटाच्या विमानतळावर इंगेगर्ड इंधनाचा टँकर चालवत असे. टँकर विमानाला भिडवायचा, नळी जोडायची, टाकी भरायची आणि विमान निघालं की टँकरपाशी उभं राहून हात हलवायचा, हा तिचा शिरस्ता होता. बेट सोडणाऱ्याला कुणीतरी निरोप द्यायलाच हवा, असं तिची आई म्हणायची.

बेटावर दोन कंपन्यांची विमानं येत. शेपटीच्या रंगावरून लोक एकीला निळी म्हणत, दुसरीला पिवळी. निळी मोठी, स्टॉकहोमची. पिवळी बेटावरची, दोनच विमानांची. इंगेगर्डची लेक टूवे पिवळीत हवाईसुंदरी होती. पिवळी बुडाली तर टूवेला बेट सोडावं लागणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी तेल दुपटीने महागलं. इंगेगर्ड दोन्ही विमानांत एकाच टाकीतलं इंधन भरत होती, पण निळीला ते निम्म्या भावात पडत होतं. निळीने आदल्या वर्षीच बँकेशी करार करून भाव बांधून घेतला होता. बाजार चढला तर वरचा फरक बँक देणार, उतरला तर निळी. पिवळीनेही बँकेचा उंबरठा झिजवला होता. पण तिच्याकडे बँकेने जबर अनामत मागितली.

"म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्यालाच बँक जेवायला बोलावते," टूवे म्हणाली.

"आणि उपाशी माणसाला म्हणते, आधी तुझा डबा दाखव."

मग निळीने तिकिटं उतरवली. वाचलेला पैसा तिने पिवळीचा गळा आवळायला वापरला. आणि बेटावरची माणसं, पिवळीच्या आणाभाका घेणारी माणसं, मुकाट्याने निळीत चढू लागली.

"मन आमचं पिवळीतच आहे गं," शेजारीण ब्रिटा म्हणाली.

"मन पिवळीत आणि बूड निळीत?" इंगेगर्डने विचारलं.

फेब्रुवारीत पिवळी बंद पडली. दुसऱ्याच दिवशी निळीचा मुख्य अधिकारी स्टेलान हिरव्या आवरणाचा केक घेऊन आला आणि विमानतळावरच्या सगळ्यांना त्याने कॉफीला बोलावलं.

"ये इंगेगर्ड, घे! झकास गेलं वर्ष. दूरदृष्टी म्हणतात ती हीच."

"आणि भाव उतरला असता तर, स्टेलान?"

"उतरला नाही ना!" तो हसला. त्याच्या ओठांना केकचं क्रीम लागलं होतं.

"माझी पोर आत्ता गणवेश परत करायला गेलीय."

"वाईट वाटतं गं. पण स्पर्धा म्हटली की हे आलंच. अगं, घे तरी. आत रास्पबेरीचा जाम आहे."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते असं दिसतं तर: हिरवंगार, वर साखरेचं गुलाबाचं फूल.  त्याने हातात दिलेली बशी तशीच खाली ठेवून इंगेगर्ड बाहेर पडली. त्या दिवसापासून तिने निळीला हात हलवणं सोडलं.

उन्हाळ्यात तेल कोसळलं. निळीने नवा करार नेमका चढ्या भावात बांधला होता. आता फरक तिलाच भरायचा होता. पण तिकिटं उतरवायला भाग पाडणारं कुणी उरलंच नव्हतं. निळीने ती दुप्पट केली. "याची कल्पना कुणालाच येणं शक्य नव्हतं," स्टेलान वर्तमानपत्रात म्हणाला. कमावलं ती दूरदृष्टी, गमावलं ते नशीब, आणि नशिबाचे पैसे प्रवाशांच्या खिशातून.

"शुद्ध लूट आहे ही!" ब्रिटा कुंपणापलीकडून ओरडली. इंगेगर्ड घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

ऑगस्टमध्ये टूवेला ऑस्लोत नोकरी लागली.

"जहाजाने जा," इंगेगर्ड म्हणाली. "त्या निळीला एक क्रोनाही देऊ नकोस."

"आई, टँकरवर तू असशील ना? मग विमानानेच जाते. तू भरलेल्या इंधनावर."

इंगेगर्डने टाकी भरली, नळी गुंडाळली. विमान वळलं. मागच्या एका खिडकीला टूवेचा चेहरा चिकटलेला दिसला. इंगेगर्डचा हात क्षणभर मांडीपाशीच राहिला. मग वर गेला आणि हलला.

निळीच्या वैमानिकाला वाटलं, बाईचा राग एकदाचा गेला. त्याने खुशीत दिवे लुकलुकवले.

इंगेगर्ड टँकरच्या आड जाऊन थुंकली. हात मात्र तिने विमान दिसेनासं होईपर्यंत खाली घेतला नाही.