डाव्या वळणावरचे दीड सेकंद

तिसरं विमानही त्याच वळणावर गेलं, तेव्हा भिरभिरेनं रिमोट गवतात ठेवला आणि विमानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विमान बिचारं बंद कारखान्याच्या भिंतीखाली चुरा होऊन पडलं होतं, ते काय बोलणार. सोबत आलेला मेहुणा मात्र बोलला. नको तेच बोलला.

“भाऊजी, एकदा डोळे दाखवून घ्या.”

“सिग्नल गेला,” भिरभिरे म्हणाला. “डोळ्यांचा काय संबंध?”

“तिन्ही वेळा? आणि तिन्ही वेळा डाव्याच वळणावर? नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू.”

भिरभिरे त्याला मागे टाकून तरातरा घरी निघाला. बावीस वर्षं शहराची बस चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल बोलणं म्हणजे त्याच्या ताटाला हात लावणं. डोळ्यांत खोट निघाली की स्टिअरिंग सुटलं, आणि स्टिअरिंग सुटलं की डेपोवाले चौकशीच्या खिडकीत बसवणार. आठ तास. खुर्चीत. तिथे बसलेला एक जुना ड्रायव्हर त्याने रोज पाहिला होता. त्याच्या खुर्चीच्या गादीला त्याच्या बुडाचा ठसा पडला होता.

भिरभिरे हे त्याचं आडनाव नव्हे. डेपोत कुणी तरी ठेवलेलं नाव, पण इतकं मुरलं की नवे कंडक्टर त्याला आडनावच समजत. पायाला भिंगरी लागलेला माणूस. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, आणि दाढी करताना घरभर फिरून साबणाचे थेंब सांडणार. अशा माणसाच्या हाती आली काय, तर दर तीनशे मीटरवर थांबणारी बस, आणि तीही ताशी पन्नासच्या वर जाऊ नये म्हणून इंजिनालाच लगाम घातलेली. त्याचा जीव नुसता तडफडायचा. मग कधी तरी मेहुण्याने त्याला रिमोटवरचं विमान दाखवलं आणि भिरभिरेला आपला धर्म सापडला.

त्याची विमानं शोभेची नव्हती. शेपूट नाही, चाकं नाहीत, नुसता फोमचा एक बाणासारखा पंख. तापलेल्या तारेनं फोमची लादी कापायची, मधून कार्बनची नळी घालायची, मागे मोटर, पोटात बॅटरी, आणि वरून नायलॉनची चिकटपट्टी. ती बायको तिच्या बॅगांच्या कारखान्यातून आणून द्यायची. सगळं मिळून सहाशे ग्रॅम. हाताने भिरकावलं की पुढच्या क्षणी ताशी दोनशे दहा. गोंद वाळायला बारा तास लागायचे आणि ते बारा तास घरातल्यांना बाराशे वाटायचे, कारण हा दर दहा मिनिटांनी बोट लावून पाहायचा. बायको शेवटी त्याला पिशवी देऊन बाजारात पिटाळायची.

चौथं विमान त्याने आठवड्यात उभं केलं. आधीच्या विमानांचं खापर त्याने मोटरवर फोडून झालं होतं, वायरीवर फोडून झालं होतं, आता पाळी रिमोटच्या रेडिओची होती. म्हणून त्याने नवा महागडा रिमोट आणला. त्यातल्या कार्डावर उड्डाणाची सगळी नोंद होत असे: सिग्नल किती, बॅटरी किती, वेग किती, आणि उडवणाऱ्याचे अंगठे कुठे. मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायला ते कार्ड पुरेसं होतं.

त्या आठवड्यात रस्त्यावरही त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. “हल्ली सायकलवाले जमिनीतून उगवतात,” तो रोज घरी येऊन म्हणायचा. एकदा डावा आरसा खांबाला घासला. खांबालाही त्याने दोन शब्द सुनावले.

रविवारी सकाळी बंद कारखान्याजवळच्या मैदानात वारा नव्हता. मेहुण्याने विमान भिरकावलं. पहिली फेरी सरळ गेली, दुसरीत विमान उंचावरून खाली सुसाट आलं आणि डोक्यावरून कापड फाडल्यासारखा आवाज करत गेलं. भिरभिरेच्या अंगावर काटा आला. आठवडाभर सोसलेल्या लाल दिव्यांचा हिशोब त्या एका आवाजात चुकता होत असे. मग त्याने डावीकडे वळण घेतलं. विमान होतं. आणि मग नव्हतं. आकाश तेवढं होतं, स्वच्छ, रिकामं. पुन्हा दिसलं तेव्हा ते भिंतीपासून हातभर होतं.

“पाहिलंस?” तो मेहुण्यावर ओरडला. “गेला की नाही सिग्नल?”

मेहुण्याने कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. स्क्रीनवर रंगीत रेघा आल्या. सिग्नलची रेघ शेवटपर्यंत भरलेली. बॅटरी ठीक. मोटर ठीक. भिरभिरे रेघा पाहत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

“आणि ही खालची?”

“हा तुमचा अंगठा, भाऊजी.”

अंगठ्याची रेघ सगळीकडे थरथरत होती, जसा तो स्वतः. फक्त वळणाच्या मध्यावर ती सपाट झाली होती. दीड सेकंद. मग एकदम मोठा झटका, आणि मग काहीच नाही.

“विमानाने तुम्ही सांगितलं ते सगळं केलं,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला. “दीड सेकंद तुम्ही काही सांगितलंच नाही.”

घरी आल्यावर त्याने बायकोला खुर्चीमागे उभं केलं आणि फोमची एक पट्टी हातात दिली. “ही माझ्या एकेका कानाकडून पुढे आण. मी समोरच बघतो, दिसली की सांगतो.”

उजवीकडून पट्टी निघाल्या निघाल्या दिसली. डावीकडून तो वाट पाहत राहिला.

“आणलीस का?”

“अहो, केव्हाची समोर धरलीय. डोळे न हलवता बघा.”

त्याने डोळे हलवले नाहीत. पट्टी नाकाजवळ आली तेव्हा दिसली. बायको खुर्चीला वळसा घालून समोर आली.

“उद्याच डॉक्टरकडे जाऊ,” ती म्हणाली.

“डेपोची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. नुसता तक्ता वाचून घेतात. समोरची अक्षरं मी आजही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.”

“म्हणजे त्यांना कळणार नाही?”

“जन्मात नाही.”

बायकोचं समाधान होण्याऐवजी तिचा चेहरा उतरला, आणि भिरभिरेला तिचा राग आला, स्वतःचाही आला. दिवसभर तो घरात येरझाऱ्या घालत हिशोब करत राहिला. ताशी चाळीसने बस दीड सेकंदात सतरा मीटर जाते. म्हणजे एक अख्खी बस आणि वर सहा पावलं. त्याने पन्नासचा हिशोब केला नाही. चौकशीची खिडकी डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि ती मात्र अगदी लख्ख दिसत होती.

सोमवारी तो ड्यूटीवर गेला. कुणाला काही बोलला नाही. फक्त आज सांभाळून चालवू, मान जास्त फिरवू, मग बघू, असं स्वतःला समजावत तो सीटवर बसला. पहिल्या थांब्यावर बस भरली. मागून कंडक्टरबाईंनी घंटी दोनदा वाजवली. एरवी घंटीचा दुसरा ठोका पडेपर्यंत भिरभिरेची बस निघालेली असायची. आज त्याचा पाय क्लचवरून उठेना. घंटी पुन्हा वाजली. प्रवासी चुळबुळ करू लागले.

“ताई,” त्याने समोर रस्त्याकडे बघतच मागच्या दिशेने हाक दिली, “डावीकडे दाराशी कुणी नाही ना? जरा बघा.”

“दादा, मी आहे की,” आवाज अगदी डाव्या कोपराजवळून आला. “केव्हाची पायरीवर उभी आहे. बस का निघत नाही ते बघायला आले.”

त्याने मान पूर्ण वळवली. बाई खरंच पायरीवर उभ्या होत्या, खांद्यावर तिकिटांची पिशवी, एक हात दांडीवर. सहा वर्षं सोबत काम केलेलं माणूस, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर.

भिरभिरेनं इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. किल्ली काढून बाईंच्या हातात दिली.

“डेपोला फोन करा. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं.”

“काय बिघडलं गाडीत?”

“गाडीत काही बिघडलेलं नाही,” तो म्हणाला आणि जपून, आधी पायाने पायरी चाचपून, खाली उतरला.