पाण्यात टाकलेल्या गाड्या

लाखनीला हायवेवर माझ्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच बसायची. कोलकात्याहून ट्रक आणणाऱ्या एका ड्रायव्हरने मला एकदा हिरवी मोटार दिली. बोटभर लांबीची, पण हातात घेतली तर चांगली जड. दारं उघडत होती. उलटी केली की पोटावर इंग्लंडचं नाव उठवलेलं. वडिलांनी ती चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, जपून ठेव, हे ओतीव काम आहे.

पुढे पोस्टात नोकरी लागली, हातात फोन आला, तेव्हा कळलं की अशा ओतीव गाड्यांना डाय-कास्ट म्हणतात आणि जुन्या गाड्या शोधणारे लोक देशभर आहेत. मी त्यांच्या ग्रुपमध्ये शिरले. रंग मूळचा की मागून मारलेला, चाकं बदललीत का, हे ओळखायला शिकले. नागपूरला गेले की भंगारवाल्यांकडे चक्कर ठरलेली. एका क्रेन-गाडीच्या आकड्याला बांधलेला दोरा अजून मूळचा होता. ती मिळाली त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं. पार्सलं माझ्याच पोस्टात यायची, आणि सोबतचे लोक हसायचे.

लग्नानंतर मी गोसीखुर्दकडच्या एका पुनर्वसन गावात आले. सासरचे लोक मूळचे नदीकाठचे. जुनं गाव धरणात गेलं, सासरे आता धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. नवरा वरठीला कारखान्यात होता. तिथं खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. मी पवनीला नोकरीवर जायची. त्याने मला काचेचं कपाट आणून दिलं, त्यात मी गाड्या मांडल्या.

आम्हाला मूल झालं नाही. सुरुवातीला कोणी काही बोललं नाही. मग आलेल्या बायका कपाटापुढे थांबू लागल्या. माझ्याकडे बघायच्या, गाड्यांकडे बघायच्या आणि जीभ टाळूला लावून चुकचुकायच्या. मी सांगायची, मला लहानपणापासून नाद आहे. त्या मान हलवायच्या. सासूबाईंनाही मी किती वेळा सांगितलं. त्यांना वाटायचं, ही आपलं दुःख झाकून राहिली.

खरी गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. नागपूरच्या डॉक्टरने तपासण्या केल्या आणि दोष नवऱ्यात आहे हे स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर तो मोटारसायकलपाशी थांबला. मग म्हणाला, "आईले सांगू नको. मी सांगीन कवातरी." मी हो म्हटलं. त्याचा चेहरा बघून दुसरं काही म्हणताच आलं नाही.

एक दिवस मी पवनीहून परत आले तर कपाट रिकामं. फळ्या ओल्या कापडाने पुसलेल्या. मला आधी चोरी वाटली. सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी टाकून आली पाण्यात. हळद-कुंकू वाहून टाकल्या. घरात खेळणे हायेत अन् खेळणारा नाही, असं बरं नसते." नात्यातल्या कोणा बाईने त्यांना सांगितलं होतं, अशाने पाळणा हलत नाही.

मी म्हटलं, मला एकदा विचारायचं तरी. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहं अख्खं गाव पाण्यात गेलं. मले कोणी इचारलं? तुह्या गाड्यायचं काय एवढं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण राग गेला नाही, आणि तो जायला हवा होता असंही मला वाटत नाही.

सासरे घरी आले, त्यांना कळलं. त्यांनी जाळं उचललं आणि मला म्हणाले, चल. सासूबाई नेहमी दिवे सोडायच्या त्या जागी आम्ही डोंगा नेला. त्यांनी जाळं खालून ओढलं, मग स्वतः छातीभर पाण्यात उतरून पायाने गाळ चाचपला. थोड्याशा गाड्या वर आल्या. दारांत, खिडक्यांत चिखल भरलेला. क्रेन आली, तिचा दोरा नव्हता. हिरवी मोटार आलीच नाही. अंधार पडत आला तसे ते काठाला लागले. "गाळ लय हाये," ते म्हणाले. "तुले बोलाचं असन तर बोल तिले. मी मधात पडणार नाही."

मी कोणाशीच भांडले नाही. मी नवऱ्याची वाट बघत राहिले. सुट्टीला तो आला, त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आपण दुसऱ्या आणू. त्या आता बनत नाहीत, मी सांगितलं. जेवायला बसलो. सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, आता बघा, वर्षाच्या आत गोड बातमी येईल. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने ताटातला भात कालवला आणि तो जेवत राहिला.

गाड्या गेल्याचं दुःख होतंच. पण ताटावर वाकलेली त्याची ती मान मला त्याहून जड गेली. दुसऱ्या दिवशी मी लाखनीला वडिलांकडे निघून गेले. तिथूनच बसने पवनीला जायची.

नवरा आला तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. दुकानापुढे मोटारसायकल लावून उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"सांगतलं मी आईले," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. चुलीवर भात होता, तो करपून गेला. उठलीच नाही."

मी तिथंच टायरच्या ढिगावर बसले. तोही बसला. त्याने डोळे पुसले, मी दुसरीकडे बघितलं.

आता आम्ही वरठीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहतो. माझी बदली झाली. सासूबाई वर्षभर लेकाशी बोलल्या नाहीत, माझ्याशी तर नाहीच. मागच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला डोळे दाखवून आमच्याकडे मुक्कामाला आल्या. भिंतीवरच्या फळीवर उरलेल्या गाड्या होत्या. त्यांच्यापुढे त्या उभ्या राहिल्या.

"मले वाटे, लेकराची आस लागली म्हणून आणतेस तू."

"नाही आई. मले गाड्या आवडतात."

"नुसत्या?"

"नुसत्या."

त्या खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मंग त्याचं तू काहून नाही सांगतलं मले? मी इतके उपास धरले."

त्याचं म्हणजे काय ते मला कळलं. त्याने नको म्हटलं होतं, हे मी सांगू शकले असते. तो बाहेरच्या खोलीत होता, ऐकत असणार. मी चहा ठेवायला उठले. सकाळच्या बसने त्या गावी गेल्या, जाताना डोळे पुसत एवढंच म्हणाल्या की डोळ्यात औषध टाकल्यावर झोंबते.